नागपुरात ट्रकची नोकरी सोडायची आहे? गाडी, हिशोब आणि कागद नीट करून कसं निघायचं

वाडी म्हणा, कापसी म्हणा, कळमना, बुटीबोरी, हिंगणा, कोणत्याही ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात जाऊन बसा, ड्रायव्हर मिळून नाही राहिले अशी ओरड ऐकू येईल. आणि तरीही नवीन पोरगा कामाला आला की साहेब पहिला फोन त्याच्या जुन्या मालकाला लावतात, "पोरगा कसा आहे, आणि गाडी कुठं सोडली होती यानं?" दुसरा प्रश्न जास्त महत्त्वाचा असतो. श्रीनगर-कन्याकुमारी ४४ नंबरचा हायवे आणि सुरतेकडून ओडिशाकडे जाणारा ५३ नंबरचा, दोन्ही नागपुरात येऊन मिळतात, वरून समृद्धी, त्यामुळे काम भरपूर आहे पण ही लाईन लहान आहे, सगळे मालक, मुनीम, ब्रोकर एकमेकांना ओळखतात. म्हणून या लाईनीत नवीन असलेल्या, पहिली किंवा दुसरी नोकरी सोडून चाललेल्या पोरांसाठी हे लिहून राहिलो. राजीनामा दोन ओळींचा असतो हो, खरं काम हिशोबाचं आणि गाडी ताब्यात देण्याचं असतं, आणि तिथंच बहुतेक पोरांचे पैसे बुडतात.

आधी दुसरी नोकरी पक्की करा

राग आला, सेठ काही बोलला, भत्ता कापला, म्हणून त्याच दिवशी चावी टेबलावर टाकू नका. घरी हप्ते असतात, पोरांची फी असते, आणि रिकामा बसलेला ड्रायव्हर कमी पगारावर हो म्हणतो हे समोरच्याला माहीत असतं. चालू नोकरीत राहून शोधलं तर तुम्हाला बोलता येतं.

शोधायच्या आधी लायसन काढून बघा. ट्रान्सपोर्ट लायसनची मुदत २०१९ च्या बदलानंतर ५ वर्षं झाली आहे, आणि रिन्यूचा अर्ज मुदत संपायच्या एक वर्ष आधीपासून करता येतो. मुदत संपून एक वर्ष उलटलं तर परत टेस्ट द्यावी लागते. संपायला चार-सहा महिनेच उरले असतील तर सारथी पोर्टलवरून (लायसनची सरकारी वेबसाईट) आत्ताच अर्ज टाका, डॉक्टरचं फॉर्म १ए (तब्येतीचा दाखला) लागतंच, कारण नवीन कंपनी कमी मुदतीचं लायसन पाहून मागंपुढं करते. ज्यांना पेट्रोल-डिझेलच्या किंवा गॅसच्या टँकरवर जायचं आहे त्यांनी तीन दिवसांचं धोकादायक मालाचं ट्रेनिंग करून लायसनवर तशी नोंद करून घ्या, त्याशिवाय टँकरवाले उभं करत नाहीत. टँकरवर शिस्त जास्त असते पण पगार वेळेवर मिळतो असं तिथं काम करणारी मंडळी सांगतात.

आता एक गोष्ट जी पोरं विसरतात. दुसऱ्या कंपनीत भेटायला जाताना मालकाची गाडी घेऊन जाऊ नका. जीपीएस आहे, गाडी दुसऱ्याच्या यार्डात अर्धा तास उभी दिसली की संध्याकाळपर्यंत ऑफिसात सगळ्यांना कळतं. सुट्टीच्या दिवशी, स्वतःच्या टू-व्हीलरवर, नाहीतर शेअर ऑटोनं जा. फोन आला तर गाडी चालवता-चालवता उचलू नका, ढाब्यावर थांबल्यावर सांगा की संध्याकाळी लावतो. आणि कंपनीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरच्या कोणालाही, अगदी जवळच्या मित्रालाही, बोलणी पक्की होईपर्यंत सांगू नका.

नवीन जागी काय विचारायचं

इथं घाई करू नका भाऊ, कारण एका वाईट जागेवरून दुसऱ्या वाईट जागेवर गेलं की परत हाच सगळा उपद्व्याप. पगार किती हे सगळेच विचारतात. त्याच्या पुढचं विचारा: पगार महिन्याचा की ट्रिपवर? खुराकी (जेवणाचा भत्ता) वेगळी की पगारातच धरली? गाडी लोडिंगला किंवा खाली करायला दोन-दोन दिवस उभी राहिली तर हॉल्टिंगचे पैसे ड्रायव्हरला मिळतात का? डिझेलचा ॲव्हरेज किती धरता आणि कमी आला तर कापता का? शॉर्टेज (माल कमी उतरला) निघालं, माल भिजला, टायर फुटला, चालान आलं तर कोण भरतं? क्लिनर देता की एकट्यालाच पाठवता? कोणती लाईन आहे, कोळशाची उमरेड-सावनेरकडची, हैदराबादची, रायपूरची की मुंबई-भिवंडीची? कोळशाच्या लाईनीत घरी रोज येता येतं पण धूळ आणि रांगा आहेत, लांबच्या लाईनीत पैसा बरा पण आठ-दहा दिवस घर दिसत नाही. दोन्हीत चूक-बरोबर काही नाही, घरच्यांशी बोलून ठरवा.

गाडी कोणत्या सालची मिळणार तेही विचारा. १ ऑक्टोबर २०२५ पासून बनलेल्या मोठ्या ट्रकना एसी केबिन सक्तीची केली आहे. मे महिन्यात नागपुरात ४५ च्या वर पारा जातो तेव्हा केबिनमध्ये काय हाल होतात हे ज्यानं भोगलं त्याला विचारा, त्यामुळे ही छोटी गोष्ट समजू नका. बीएस-६ (नव्या प्रदूषण नियमाची) गाडी असेल तर धूर साफ करायला टाकायच्या युरियाचा खर्च कोणाकडे, तेही आधीच बोलून घ्या.

हे सगळं साहेबांना विचारा, पण खरं उत्तर त्याच कंपनीच्या ड्रायव्हरकडून मिळतं. अमरावती रोडवर, भंडारा रोडवर चहाच्या टपरीवर त्यांच्या गाड्या उभ्या असतातच, जाऊन प्रेमानं विचारा, "दादा, पगार कोणत्या तारखेला होतो? मागं कोणी सोडून गेला त्याचा हिशोब झाला का?" दुसऱ्या प्रश्नावर तो गप्प झाला तर समजून घ्या.

बोलणं पक्कं झालं की पगार, भत्ता, जॉईन व्हायची तारीख एवढं तरी लिहून घ्या. अपॉइंटमेंट लेटर दिलं तर उत्तमच, नाहीतर साहेबांच्या नंबरवरून व्हॉट्सॲप मेसेज घ्या. आणि त्यांना सरळ सांगा की जुन्या जागी गाडी रीतसर सोपवून येतो, पंधरा दिवस लागतील. चांगली कंपनी यावर खूश होते. उद्याच ये, सोडून दे त्याला, असं जो म्हणतो तो उद्या तुमच्या बाबतीतही तसंच वागेल.

सांगायचं कधी आणि कसं

नियम एकच धरा: गाडी भरलेली असताना राजीनामा नाही. माल खाली झाला, पोच (माल मिळाल्याची सही-पावती) ऑफिसला जमा झाली, गाडी यार्डात लागली, मग बोलायचं. पुढचा लोड ठरायच्या आधी. गाडी हायवेवर, ढाब्यावर, पंपावर सोडून चावी कोणाच्या हाती देऊन निघून जाणं हे या लाईनीत सगळ्यात वाईट समजतात आणि ते खरंच वाईट आहे. गाडीतला माल दुसऱ्या कोणाचा तरी असतो, ई-वे बिलाची (माल नेण्याचा जीएसटीचा कागद) मुदत चालू असते, काही चोरीला गेलं तर पोलिसांत तुमचं नाव जातं. मालकाची कितीही चूक असो, गाडी आणा, यार्डात लावा, मग काय बोलायचं ते बोला.

बोलण्याआधी एक काम. काही मालक ओरिजनल लायसन किंवा आधार कार्ड ऑफिसच्या कपाटात ठेवून घेतात, कधी सही केलेला कोरा चेक पण. ते आधी परत मागा. लायसन रस्त्यावर चेकिंगला लागतं, ते तुमच्याजवळच असायला पाहिजे, त्यामुळे मागायला लाजायचं कारण नाही. डिजिलॉकरमध्ये त्याची प्रत ठेवली असेल तर तीही चालते, नसेल तर आजच काढून ठेवा.

मग संध्याकाळी, लोडिंगची धावपळ संपल्यावर ऑफिसात जाऊन समोरासमोर बोला, फोनवर नको. फार कारणं द्यायची गरज नाही. "सेठ, तुमच्याकडे बरं शिकायला मिळालं. मला दुसरीकडे काम मिळालं आहे, पुढच्या महिन्याच्या पाच तारखेपासून जायचं आहे. तोपर्यंत तुम्ही म्हणाल ती ट्रिप मारतो, नवीन ड्रायव्हर आला तर त्याला लाईनही दाखवतो." बस. कोण किती कापतं, कोणता मुनीम कसा आहे, हे त्या दिवशी काढू नका. ते सगळं खरं असेल तरी तुमचा हिशोब त्याच मुनीमाच्या हातून निघणार आहे.

सेठ पगार वाढवतो म्हणाला तर काय करायचं हे घरून ठरवून जा. माझं मत विचाराल तर, तुम्ही पैशासाठीच निघाला असाल आणि वाढ लिहून मिळत असेल तर थांबायला हरकत नाही, पण नवीन कंपनीला लगेच कळवा, लटकवून ठेवू नका. झोप होत नाही, ओव्हरलोड चालवायला लावतात, मान देत नाहीत, असं कारण असेल तर हजार-दोन हजारांनी ते सुटत नाही, तेव्हा नम्रपणे नाही म्हणा.

नोटीस किती दिवसांची? अपॉइंटमेंट लेटर असेल तर त्यात लिहिलेलं असतं, तेवढी द्या. एक-दोन गाड्यांचा मालक असेल, काहीच लिखापढी नसेल, तरी पंधरा दिवस द्याच, तेवढ्यात त्याला दुसरा माणूस बघता येतो.

अर्ज

तोंडी बोलणं झालं की त्याच दिवशी कागदावर द्या. मराठीतच लिहा, साधं:

"प्रति, मालक / मॅनेजर साहेब,
विषय: ड्रायव्हरच्या नोकरीचा राजीनामा.
महोदय, मी आपल्याकडे गाडी क्रमांक ____ वर ____ तारखेपासून ड्रायव्हर म्हणून काम करतो. वैयक्तिक कारणामुळे मी ____ तारखेनंतर काम करू शकणार नाही. तोपर्यंत दिलेल्या ट्रिप पूर्ण करीन आणि शेवटच्या दिवशी गाडी, कागदपत्रं व सामान यार्डात सोपवीन. माझा राहिलेला पगार आणि भत्ता यांचा हिशोब करून द्यावा व अनुभवाचा दाखला द्यावा, ही विनंती.
आपला, ____ (सही, तारीख, मोबाईल)"

दोन प्रती काढा, एकीवर ऑफिसचा शिक्का आणि सही घ्या. सही देत नसतील तर वाद नको, त्याच कागदाचा फोटो मालकाच्या व्हॉट्सॲपवर टाका आणि खाली लिहा की आज अर्ज दिला. तारीख-वेळ त्यात आपोआप राहते. अर्जात तक्रार लिहू नका, हा कागद पुढं कोण वाचेल सांगता येत नाही.

हिशोब, इथं बसून वेळ द्या

आता मुद्द्याचं. ड्रायव्हरचा हिशोब इतर नोकरीसारखा सरळ नसतो, ॲडव्हान्स उचललेला असतो, डिझेल, टोल, काटा (वजन करायचे पैसे), हमाली, पंक्चर, पोलीस, सगळ्याचा खर्च मधात असतो, आणि मुनीमाच्या वहीत एक आकडा, तुमच्या डोक्यात दुसरा. म्हणून सोडायचं मनात आलं त्या दिवसापासूनच एक वेगळी वही घाला. ट्रिपनुसार पान करा, तारीख, कुठून कुठं, बिल्टी (मालाची पावती) नंबर, ॲडव्हान्स किती, खर्च काय काय, परत किती जमा केले. पावत्यांचे फोटो मोबाईलमध्ये काढून ठेवा, थर्मल कागदाच्या पावत्या महिन्याभरात पांढऱ्या पडतात.

डिझेलवर सगळ्यात जास्त भांडणं होतात. समजा नागपूर-हैदराबाद जाऊन-येऊन हजार किलोमीटर, ठरलेला ॲव्हरेज ४, म्हणजे २५० लिटर. तुम्हाला २७० लागलं तर मालक २० लिटर तुमच्यावर टाकतो. पण जाताना गाडी किती टन भरली होती, कुठं जाममध्ये चार तास उभी होती, टायर जुने होते का, हे लिहिलेलं असेल तर तुम्हाला बोलता येतं, नसेल तर नुसतं "जाम होता सेठ" म्हणून कोणी ऐकत नाही. जाममध्ये असताना जागेचा एक फोटो काढून ठेवला तरी पुष्कळ.

नुकसानीच्या नावाखाली पगार कापतात त्याबद्दल कायदा काय म्हणतो ते माहीत असू द्या. २१ नोव्हेंबर २०२५ पासून वेतन संहिता लागू झाली आहे. तिच्यात असं आहे की तुमच्या निष्काळजीपणामुळे जेवढं नुकसान झालं त्यापेक्षा जास्त कापता येत नाही, आणि कापायच्या आधी तुमचं म्हणणं ऐकून घ्यावं लागतं. दुसरं, राजीनामा दिला तर राहिलेला पगार दोन कामाच्या दिवसांत द्यायचा असतो. प्रत्यक्षात मालक पुढच्या महिन्यावर ढकलतात हे खरं आहे, पण तुम्हाला नियम माहीत आहे एवढं शांतपणे बोलून दाखवलं तरी फरक पडतो.

दिवाळीच्या तोंडावर सोडत असाल तर बोनसचं विचारा. वीस किंवा जास्त माणसं असलेल्या ठिकाणी, पगार कायद्याच्या मर्यादेत असेल आणि त्या वर्षात ३० दिवस काम झालं असेल, तर किमान ८.३३ टक्के बोनसचा हक्क असतो, मधात सोडलं तरी. पाच वर्षं सलग झाली असतील तर ग्रॅच्युइटीही, दर वर्षामागे १५ दिवसांचा पगार.

हिशोब जुळला की शेवटी एका कागदावर "इतकी रक्कम मिळाली, इतकी बाकी" असं लिहून दोघांच्या सह्या. बाकी असताना "सगळे पैसे मिळाले" अशा कागदावर सही करू नका, मुनीम कितीही म्हणो की नुसती फॉर्मॅलिटी आहे.

गाडी ताब्यात देणं

केबिन धुवून, झाडून द्या. मग मुनीम किंवा पुढच्या ड्रायव्हरला सोबत घेऊन एक-एक वस्तू दाखवा: टायर आणि त्यांचे नंबर, स्टेपनी, जॅक, टॉमी, पाने, ताडपत्री, दोर, बॅटरी, म्युझिक सिस्टीम असेल तर ती, फ्युएल कार्ड, फास्टॅग, आरसी, परमिट, फिटनेस, इन्शुरन्स, पीयूसी. टायर नंबर लिहिणं कंटाळवाणं वाटतं पण नंतर टायर बदलल्याचा आळ आला तर हीच यादी वाचवते. किलोमीटर आणि डिझेलच्या काट्याचा फोटो. गाडीला चारी बाजूंनी फिरून एक व्हिडिओ, तारीख तोंडानं बोलून. यादीवर सही घ्या.

त्याच दिवशी गाडीचा नंबर टाकून ई-चालान तपासा आणि स्क्रीनशॉट ठेवा, म्हणजे नंतरचं चालान तुमच्या माथी येणार नाही. आणि तुमच्या हातून त्या गाडीचा कधी ॲक्सिडेंट झाला असेल आणि केस चालू असेल, तर एफआयआर आणि त्या वेळच्या इन्शुरन्स पॉलिसीची झेरॉक्स घेतल्याशिवाय निघू नका. क्लेमच्या केसमध्ये ड्रायव्हरलाही पार्टी करतात, दोन-तीन वर्षांनी नोटीस घरी येते आणि तोपर्यंत मालकाच्या ऑफिसात कोणी ओळख देत नाही.

अनुभवाचा दाखला त्याच वेळी मागा. कधीपासून कधीपर्यंत, कोणती गाडी, कोणती लाईन, एवढं असलं तरी चालतं. छोट्या मालकाकडे लेटरहेड नसतं, तेव्हा बिल्टी बुकाच्या पानावर शिक्का मारून लिहून दिलं तरी पुढं कामाला येतं.

पैसे अडकवले तर

पहिले आठ दिवस फोन, प्रेमानं. मग एकदा लेखी मेसेज, रक्कम आणि तारखा टाकून. ओळखीचा एखादा जुना ड्रायव्हर किंवा ब्रोकर मधात घालून बोलणं होत असेल तर ते आधी करून बघा, बरीच प्रकरणं तिथंच सुटतात. तरी नाहीच झालं तर सिव्हिल लाईन्समध्ये कामगार आयुक्तांचं कार्यालय आहे, अर्जाची प्रत, वही, मेसेज, बँकेची एंट्री घेऊन तिथं तक्रार द्या. रागाच्या भरात मालकाची ताडपत्री किंवा फ्युएल कार्ड अडकवून ठेवणं, व्हिडिओ टाकून शिव्या देणं, असलं काही करू नका, तुमची बरोबर असलेली बाजू त्यानं उलटी पडते.

पीएफ

कंपनीत पीएफ कापला जात असेल तर यूएएन (पीएफचा कायमचा) नंबर तोच राहतो, नवीन कंपनीला तोच द्या, नवीन काढायला लावला तर नाही म्हणा. नोकरी बदलली की पैसे काढून घ्यायची सवय पोरांना असते, गाडीचा हप्ता, घरचं लग्न, समजतं मला, पण पेन्शनसाठी एकूण १० वर्षांची सर्व्हिस लागते आणि दर वेळी काढून घेतलं तर ती परत शून्यापासून मोजतात. ट्रान्सफरच करा. आधारवरचं नाव आणि पीएफमधलं नाव एकच आहे का ते आत्ताच बघा, स्पेलिंगच्या एका अक्षरावरून क्लेम परत येतो. आणि नवीन गाडीवर बसून दोन महिने झाले की पोर्टलवर एकदा लॉगिन करा, जुन्या कंपनीनं सोडल्याची तारीख टाकली नसेल तर ती तुम्हाला स्वतःला आधार ओटीपीनं टाकता येते.